आईचा आग्रह आणि धंतोलीतला बर्गर

आमच्या आईच्या पंगतीतून आजवर कोणी अर्धपोटी उठला असेल तर त्याने पुढे यावं, मी त्याचा सत्कार करीन. कुही तालुक्यातल्या आमच्या गावात लग्न असो, बारसं असो की तेरवी, आईला वाढायला बोलावणं यायचंच. चांगला स्वयंपाक करणाऱ्या बाया गावात पुष्कळ होत्या, वाढणारी मात्र ती एकच. तेरवीच्या जेवणातसुद्धा माणसं तृप्त होऊन ढेकर द्यायची आणि मग आपण कशासाठी आलो होतो ते आठवून तोंड पाडायची.

तिची वाढायची एक रीत होती. "पाहिजे का?" असं ती जन्मात कोणाला विचारायची नाही. ज्याला वाढायचंच नाही त्याने विचारावं, असं तिचं म्हणणं. आमच्याकडे सोयरा पहिल्या विचारण्याला हो म्हणत नाही, हावरट दिसतो ना. त्याने "नाही नाही" म्हणायचं आणि वाढणाऱ्याने ते कानाआड करायचं, असं दोघांचं न बोलता ठरलेलं असतं. आई पंगतीतून फिरताना नुसती सांगत जायची. वडे आत्ताच कढईतून काढले, कढीला लसणाची फोडणी आहे, भात आपल्याच शेतातल्या, बांधीतल्या धानाचा आहे. मग एखाद्या पत्रावळीपुढे थांबून विचारायची ते एवढंच, की कढी भातावर घालू का द्रोणात देऊ. बिचारा माणूस भातावर की द्रोणात या विचारात असेपर्यंत दोन्हीकडे कढी आलेली असायची.

ज्याचं खरंच पोट भरलं तो दोन्ही हात पत्रावळीवर आडवे धरायचा. ती आमच्याकडची शेवटची खूण. नुसत्या तोंडाच्या "नाही"ला आईने कधी भीक घातली नाही, पण हात आडवे झाले की ती हसून पुढच्या माणसाकडे वळायची. समोरच्याचं मन ओळखणं ही काय चीज असते ते मी लहानपणी तिच्या मागे मिठाचं ताट घेऊन फिरताना पाहिलं आहे, आणि त्याचं मला आजही भारी कौतुक वाटतं.

बाबा गेले तसं मी तिला नागपूरला घेऊन आले. महाल भागातल्या एका गल्लीत, नव्या इमारतीत आमचा फ्लॅट आहे. मी, नवरा आणि कॉलेजात जाणारी मुलगी. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि माझा स्वभाव तापट आहे. नंतर कळण्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं.

आईला साखर होतीच, जुनी. पण गेल्या साली नव्या चपलेचा पट्टा पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला लागला आणि जखम झाली. तिने आठ दिवस हळद दाबून आमच्यापासून लपवलं. उघडकीला आलं तेव्हा बोट सुजून काळपट झालं होतं. धावतपळत धंतोली गाठली. तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दवाखानेच दवाखाने, अख्ख्या विदर्भाची दुखणी त्या गल्ल्यांत येऊन बसलेली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. साखर उतरली तर बोट वाचेल, नाही उतरली तर बोट काढावं लागेल, आणि मग बोटावरच थांबेल याची हमी देता येणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. मी तेच पुन्हा दोनदा विचारून घेतलं. आईने मात्र शांतपणे एकच विचारलं, की बोट गेल्यावर पंगतीत वाकून वाढता येईल का. डॉक्टर माझ्याकडे पाहू लागले.

त्या दिवसापासून मी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. भात बंद. धानाच्या मुलखातल्या बाईचा भात बंद करणं म्हणजे काय ते धानाच्या मुलखातल्यांनाच कळेल, पण ती एका शब्दाने बोलली नाही. ज्वारीची भाकर, मुगाचं वरण, पालेभाजी, काकडी. सकाळी तिचं ताट वाढून झाकून ठेवायचं आणि शाळेत पळायचं, असा माझा खाक्या. दर आठवड्याला ड्रेसिंगला न्यायचं, साखर तपासायची. आणि साखर काही केल्या उतरेना. मी तपासणाऱ्याशी भांडले, दुसऱ्या ठिकाणी तपासून घेतलं, तिथेही तेच. गोळ्या नकली आहेत म्हणून औषधवाल्याशीही वाजलं. तो बिचारा हात जोडून उभा.

ड्रेसिंग झालं की मी औषधांच्या रांगेत उभी राहायची. आई म्हणायची, मले औषधाच्या वासानं मळमळते, मी भाईर बसतो. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया अशाच बोलतात, येतो, जातो, बसतो. मी म्हणायची, बस. एके दिवशी रांग छोटी होती, मी लवकर बाहेर आले, तर बाकावर आई नाही. पाय दुखरा, गाड्यांची ही गर्दी. मी इकडेतिकडे धावले आणि कोपऱ्यावरच्या काचेच्या दुकानाशी थबकले. वर परातीएवढ्या बर्गरचं चित्र, चीज ओघळून राहिलं आहे, कोबीच्या पानावर पाण्याचे थेंब. आणि खाली, काचेच्या आत, एसीच्या थंड हवेत, नऊवारीचा पदर खांद्यावर नीट घेऊन आमची मातोश्री. समोर ट्रे. ट्रेमध्ये बर्गर, आलूच्या काड्या आणि भला मोठा कोल्ड्रिंकचा ग्लास.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी आत शिरले. तिने मला पाहिलं, कागदाच्या रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाली, बस वं, उभी काहून? घाबरणं नाही, लपवणं नाही. काउंटरवर एक बाई होती, पस्तिशीची असेल, डोक्यावर दुकानाची टोपी, टोपीखाली टिकली. ती कौतुकाने सांगू लागली, की मावशी दर आठवड्याला येतात, फार गोड बोलतात. मी आजूबाजूला पाहिलं. निम्म्या टेबलांवर दवाखान्याच्या फायली, औषधांच्या पिशव्या. एका काकांच्या हातात साखरेचा रिपोर्ट होता आणि त्याच हातात नळी घातलेला ग्लास. दुकान टाकणाऱ्याने जागा हेरावी तर अशी.

मी ऑटोत आईला घरापर्यंत व्याख्यान दिलं. हा तर माझा हातखंडा विषय. आठवीच्या वर्गात मी दरवर्षी मुलांना जाहिराती कापून आणायला सांगते. चित्रातला बर्गर आणि डब्यातला बर्गर यांची तुलना, लाल-पिवळ्या रंगाने भूक कशी चाळवतात, लहान मुलांना खेळण्याचं आमिष कसं दाखवतात, "फक्त आजच" हा रोजच कसा असतो. मुलं टाळ्या वाजवतात. आणि मधल्या सुट्टीत गेटबाहेर जाऊन चिप्सची पाकिटं फोडतात, ते सोडा. आईने सगळं मन लावून ऐकलं आणि शेवटी विचारलं, की त्या कोबीच्या पानावरचं पाणी खरंच असते की रंगवलेलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि घरात हा उजेड! नवऱ्याला सांगितलं तर तो हसायला लागला. म्हणे, आपण नागपूरचे लोक पोह्यावर बोटभर तेलाची तर्री ओतून खातो, बर्गरला कोणत्या तोंडाने नावं ठेवायची? मी त्याच्यापुढचा समोसा उचलून आत नेऊन ठेवला.

प्रकरण तेवढ्यावर संपलं नाही. त्या काउंटरवालीने आईचा फोन नंबर घेऊन ठेवला होता. रोज दुपारी चारच्या सुमारास आईचा फोन टिंग वाजायचा. भूक लागली का? तुमच्यासाठी खास काहीतरी ठेवलं आहे. आज आला नाहीत, आम्ही वाट पाहतोय. आमची मुलगी संध्याकाळी मजा म्हणून आजीला ते मोठ्याने वाचून दाखवायची, आणि आजी खुश. मी फोन हिसकावून ते बंद करायला निघाले, तर आई म्हणाली राहू दे, बिचारे विचारून राहिले. मी शाळेत असताना ती ऑटोने तिकडे जाऊन येते, हेही लवकरच कळलं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी पट्टी सोडली, बोट दाबून पाहिलं. मग म्हणाले, पंधरा दिवस बघू. हीच साखर राहिली तर बोट काढायची तारीख ठरवू.

संध्याकाळी आई खाली बसून मेथी निवडत होती. मी तिच्यावर तुटून पडले. तुला बोट प्यारं नाही का, तुझ्यासाठी मी सकाळी उठून भाकरी थापते त्या कोणासाठी, तुला त्या पावात काय एवढं सोनं सापडलं, असं मी तोंडाला येईल ते बोलत सुटले. तिने मला बोलू दिलं. मग काडी बाजूला टाकून ती म्हणाली,

"मले त्या पावाची हौस नाही वं. चव बी नाही त्याले. पण ते बाई विचारते. मी नाही म्हटलं का दुसऱ्यांदा विचारते, मंग तिसऱ्यांदा विचारते. मले आजवर 'आनखी घे' कोनं म्हटलं? तुह्या बापानं म्हटलं? तू म्हनते?"

आवाजात तक्रार नव्हती. पुन्हा मेथी निवडायला लागलीसुद्धा. मी मात्र मेथीची जुडी ओढून तिच्याशेजारी बसले. शंभर पानं वाढून झाल्यावर ही बाई कुठे जेवायची? चुलीमागे, पातेल्याच्या तळाला लागलेला भात खरवडून, बहुधा उभ्यानेच. सगळं गाव जेवू घालणाऱ्या बाईच्या पुढ्यात बसून, अगं अजून एक वडा घे, असं म्हणायला गावात कोणी उरलेलंच नसायचं. घरीही तेच. आणि आता माझ्याकडे झाकून ठेवलेलं ताट. सत्तरी ओलांडेपर्यंत ज्या गोष्टीची ती वाट पाहत होती ती तिला मिळाली कुठे, तर धंतोलीत, टोपी घातलेल्या एका अनोळखी बाईकडून.

मला त्या जाहिरातवाल्यांचा भयंकर राग आला, आणि खरं सांगते, रागाबरोबर थक्कही झाले. काय हुशार लोक असतील! त्यांनी आमचं गाव पाहिलेलं नाही, आईला ओळखत नाहीत, पण माणूस "नाही" म्हणतो तेव्हा त्याला काय ऐकायचं असतं हे त्यांना पक्कं ठाऊक. काउंटरवरची ती बाई तरी कुठे "पाहिजे का" विचारत होती? मोठं देऊ का मधलं, एवढंच विचारत होती. कढी भातावर घालू का द्रोणात देऊ! आईचीच विद्या. फरक एकच होता. आई हात आडवे झाले की थांबायची. ते टिंग वाजणारं यंत्र कधीच थांबत नव्हतं, आणि आमच्या रितीत वाढलेल्या बाईला एवढ्या आग्रहाला नाही म्हणता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी आईला सगळ्यांच्या आधी बसवलं. तिला काही कळेना, पुरुषमाणूस जेवायचा आहे आणि मी कशी बसू, म्हणून चुळबुळ करू लागली. मी तिच्यासमोर भाजीचं पातेलं घेऊन बसले आणि मोठ्या प्रेमाने विचारलं, आई, भाजी पाहिजे का? ती म्हणाली, नको. मी पळी परत पातेल्यात ठेवली. मुलगी मागून हसत म्हणाली, आई, तू विचारतेस काय, वाढ ना! डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आयुष्यभर जिच्या मागे मीठ घेऊन फिरले तिच्यापुढेच मी नेमकी ती चूक केली होती.

गावाहून लाखोळीच्या वाळवलेल्या पाल्याची भाजी मुद्दाम मागवली होती. तिच्या आवडीची, आणि तिला चालणारी. मी घसा साफ केला. म्हटलं, आत्ताच उतरवली आहे, लसूण घालून केली, आपल्या बांधीतलीच लाखोळी आहे, भाकरीवर देऊ का वाटीत देऊ? आईने वर पाहिलं. पोरगी वळणावर आली, हे तिला कळलं होतं. "नाही वं, पुरे," ती म्हणाली. मी दोन्हीकडे वाढली. ताक घेऊन नवरा पुढे आला तेव्हा तर तिची तारांबळ उडाली. जावयाच्या हातचं सासू वाढून घेते हे गावात कळलं तर मले तोंड दाखवायले जागा नाही, असं ती म्हणत राहिली आणि तो ग्लास भरत राहिला. मुलीने काकडी आणली. मी पुन्हा भाजी आणली. शेवटी आईने दोन्ही हात ताटावर आडवे धरले.

इतक्या वर्षांत मी तिचे हात तसे कधी पाहिले नव्हते. ते पाहून मला रडू आलं आणि मी कांद्याचं निमित्त करून आत गेले. आत कांदा नव्हताच.

मग घरात चढाओढच लागली. सकाळी शाळेची घाई असली तरी तिचं ताट झाकून ठेवणं मी बंद केलं, तिला समोर बसवून वाढूनच निघायचं. दुपारी चारचं टिंग वाजायच्या आधी मुलीचा कॉलेजातून फोन यायचा, आजी, फुटाणे खाशील की पेरू? फोनवरचं बोलणं संपलं की टिंग वाजायचं. आई फोनकडे पाहून म्हणायची, आज तुले उशीर झाला. नवरा संध्याकाळी मुगाचं धिरडं स्वतः उलटायला लागला, अर्धी धिरडी तव्याला चिकटवून. भात मागायचं आईने कधी मनात आणलं नाही, आणि तो पाव तर तिच्या बोलण्यातूनच गेला. तीन माणसं ज्याच्या पोटामागे लागली आहेत त्याला बाहेर जायची फुरसत कुठली?

पंधरा दिवसांनी पुन्हा धंतोली. रिपोर्ट मी तिथेच उभ्या उभ्या उघडला. साखर खाली आली होती. डॉक्टरांनी पट्टी सोडली, जखमेच्या कडेला ताजी गुलाबी कातडी दिसत होती. बोट वाचलं, म्हणाले, पण असंच चालू ठेवा. शाळेतल्या मुलांसमोर मी कधी डोळ्यांतून पाणी काढलं नाही, तिथे मात्र ढसाढसा रडले. आई डॉक्टरांना सांगत होती, की हिले शाळेत लय घाबरतेत पोरं.

औषधं घेऊन बाहेर आलो तर आई म्हणाली, त्या रस्त्यानं जाऊ. त्या रस्त्यानं म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानावरून. ऑटो इथेच मिळेल, मी म्हटलं, पण ती चालायलाही लागली होती, पहिलं पाऊल टाकल्यासारखी हळू.

ती टोपीवाली बाई दुकानाबाहेर पायरीशी उभी होती, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातात पत्रकं देत. आईला पाहून तिचा चेहरा फुलला. मावशी, किती दिवसांनी! आज नवीन आलं आहे, पनीरचं, गरमागरम. साधं देऊ का मोठं देऊ? आई म्हणाली, नाही वं. ती म्हणाली, तुमच्यासाठी छोटं बनवून देते. आई म्हणाली, नाही. ले लो ना मावशी, असं ती हसून म्हणाली आणि चव घ्यायला म्हणून आतून आणलेला तुकड्यांचा ट्रे तिने पुढे केला.

आईने पिशवी माझ्याकडे दिली आणि दोन्ही हात त्या ट्रेवर आडवे धरले.

ती बाई थांबली. ट्रे मागे घेतला. तिने पुन्हा विचारलं नाही, आणि मला ते जरा नवलच वाटलं. आई तिच्याकडे पाहत होती. मग तिने विचारलं,

"तू जेवली काय वं?"

ती बाई हसली. ड्यूटी संपल्यावर, मावशी, म्हणाली. काय उरलं असेल ते उभ्या उभ्या खाऊन घेते, सवय आहे.

आईने माझ्या हातातून पिशवी परत घेतली. दवाखान्यात वेळ लागतो म्हणून आम्ही डबा आणला होता, तो तिने पायरीवर बसून उघडला आणि त्या बाईला शेजारी बसवलं. ती नाही नाही म्हणत होती, मालक ओरडतील म्हणत होती. आईच्या कानावर काही पडतच नव्हतं. भाजी सकाळीच केली, लाखोळीची आहे, ज्वारी घरची दळलेली आहे, भाकरीवर देऊ का झाकणात देऊ? बाई झाकणाकडे बघत होती तोवर दोन्हीकडे भाजी आलेली होती.

हात मोकळे हवेत म्हणून त्या बाईने पत्रकांचा गठ्ठा माझ्याकडे दिला. आठवीला जाहिराती शिकवणारी मी, भर रस्त्यात बर्गरची पत्रकं धरून उभी. एका काकांनी तर माझ्या हातातून एक ओढून घेतलंसुद्धा.

बाई खाली मान घालून खात होती. आईने दुसऱ्यांदा वाढलं, तिसऱ्यांदा वाढलं. चौथ्यांदा चमचा पुढे गेला तेव्हा त्या बाईने दोन्ही हात झाकणावर आडवे धरले, अगदी नीट, आमच्याकडे धरतात तसे. आईचा चमचा हवेतच थांबला. ती हसली, डबा बंद केला आणि मग तिला विचारलं, की पोरी, तू कोण्या गावची.